दाजी, मेसेज पुढे ढकलण्याआधी बेअरिंग बघा

सकाळी साडेसहाला अक्काचा फोन आला. त्या वेळेला फोन वाजला की कोण गेलं, एवढंच मनात येतं. गेलं कुणी नव्हतं. अक्का रडत होती. "तेला सांग, नोकरी सोड म्हणावं. आपल्या घरात आजवर कुणी पैसे खाऊन सह्या केल्या न्हाईत."

तो म्हणजे माझा भाचा. मुंबईला सहारच्या विमानतळावर मालवाहू विमानांच्या देखभालीत आहे, लायसन्स असलेला इंजिनिअर. आणि रडण्याचं कारण म्हणजे आदल्या रात्री दाजींनी, त्या पोराच्या सख्ख्या बापाने, फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज. खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'. पूर्ण वाचला नव्हता हे दाजींनी नंतर कबूल केलं. "बरा वाटला म्हणून टाकला." त्याच दिवशी तो मला आणखी तीन ग्रुपवर आला. त्यातला एक आमच्या शाळेच्या दहावीच्या बॅचचा, जिथे गणितात पस्तीस पडलेले लोक आता रोज विज्ञान शिकवतात.

मेसेजात काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला तो शोधायला नको. ४ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेत लुईव्हिलला यूपीएस कंपनीचं एमडी-११ हे मालवाहू विमान उडता उडता पडलं. इथवर खरं आहे. पुढे: एक, विमान ३४ वर्षांचं होतं आणि २० वर्षांनी भंगारात काढायचा जागतिक नियम मोडला गेला. दोन, डीसी-१० हे बदनाम विमान नुसतं नाव बदलून एमडी-११ म्हणून विकलं. तीन, प्रवाशांसाठी नालायक ठरलेली विमानं मालासाठी वापरतात. चार, इंजिनिअर पैसे घेऊन न बघता सह्या करतात, म्हणून ३४ वर्षांत एकदाही न उतरवलेलं इंजिन गळून पडलं. पाच, खास आपल्यासाठी: सोलापूरला सुरू झालेली विमानंही असलीच भंगार आहेत, बसू नका.

मी विमानातला माणूस नाही. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग करतो. वडील गिरणीत जॉबर होते. रोज कुणीतरी तुटलेला शाफ्ट नाहीतर फुटलेली बेअरिंग फडक्यात गुंडाळून आणतो आणि विचारतो, "हे का तुटलं?" त्यामुळे लोखंड का तुटतं यावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. शिवाय भाच्याने अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचा, एनटीएसबीचा, प्राथमिक अहवाल पाठवला तो मी रविवारी डिक्शनरी घेऊन वाचला. दाजींना रोज जेवढे मेसेज वाचायला लागतात त्यापेक्षा तो लहान आहे.

२० वर्षांचा नियम. असा नियम जगात नाही. आपल्याकडे सरकारी गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा आली, तीच कुणीतरी वाढवून विमानाला चिकटवली असावी. बाहेरून जुनं विमान भारतात आणायचं तर आपलं विमान वाहतूक खातं, डीजीसीए, वयाची अट घालतं, एवढं कबूल. पण ती आणतानाची अट आहे, भंगाराची तारीख नव्हे.

विमानाचं आयुष्य मोजतात ते तासांत आणि फेऱ्यांत. एकदा उडालं, एकदा उतरलं, की एक फेरी. वर गेलं की आत दाबाची हवा आणि बाहेर विरळ, म्हणून विमानाचं अंग फुगतं. खाली आलं की सैल पडतं. इंजिनाच्या जोडांवरही प्रत्येक उड्डाणाला तसाच ताण येतो आणि जातो. तार हातात धरून वाकवत-सरळ करत बसलं की एका क्षणी तुटते, तोच प्रकार. मागवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माग किती सालचा आहे हे मी कधीच विचारत नाही, किती शिफ्ट चालतो ते विचारतो. दहा वर्षं कुलपात पडलेल्या मागाला गंज लागतो (गंज हाही शत्रूच आहे, आणि तो मात्र वर्षं मोजतो, हे मी लपवत नाही), पण शाफ्ट मोडतो तो पिकांनी, म्हणजे धोट्याच्या फेऱ्यांनी.

आता हे आकडे बघा. लुईव्हिलच्या विमानाचे झाले होते सुमारे ९२,९९२ तास आणि २१,०४३ फेऱ्या. ३४ वर्षांवर भागा, दिवसाला दोनसुद्धा फेऱ्या पडत नाहीत. लांब पल्ल्याचं रुंद विमान, एकदा उडालं की चार-चार तास वर. आणि १९८८ साली हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या ज्या बोइंग ७३७ चं छत हवेत उडून गेलं, ते होतं फक्त १९ वर्षांचं. फेऱ्या? ८९,६८०. या बेटावरून त्या बेटावर, दिवसाला तेरा-तेरा वेळा. कोणतं म्हातारं, सांगा.

आणि वयच गुन्हेगार असेल तर तरुण विमानं पडायलाच नकोत. १९७४ साली पॅरिसजवळ तुर्की कंपनीचं डीसी-१० पडलं, ३४६ माणसं गेली. ते विमान ताब्यात येऊन दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. मालकप्प्याचं दार नीट लागलं नव्हतं आणि ते नीट लागलंय असं वाटावं अशीच त्याची रचना होती. १९९८ साली स्विसएअरचं एमडी-११ कॅनडाजवळ समुद्रात गेलं, २२९ जण गेले. कॉकपिटच्या छतात वायरीपाशी ठिणगी पडली आणि इन्सुलेशननेच पेट घेतला. ते विमान १९९१ चं. लुईव्हिलचंही १९९१ चं. एकाच सालची दोन विमानं; एक सातव्या वर्षी गेलं, दुसरं चौतिसाव्या.

नाव बदलून विकलं. यात अर्धं खरं आहे आणि तेच त्रासदायक आहे. एमडी-११ हे डीसी-१० चंच लेकरू. कंपनी तीच, मॅकडोनेल डग्लस. तीन इंजिनं तशीच, दोन पंखाखाली आणि एक शेपटीत. पण लपवाछपवी कसली? लांबी साडेपाच मीटरहून जास्त वाढवली, पंखांची टोकं वळवली, कॉकपिटमधला तिसरा माणूस काढून पडदे बसवले, शेपटीचा आडवा पंख लहान केला. हा शेवटचा बदल वैमानिकांना जड गेला. एमडी-११ वेगात उतरतं, उतरताना ताब्यात ठेवायला अवघड, हे त्याच्यावरचं बालंट नाही. १९९७ ला न्यूअर्क, १९९९ ला हाँगकाँग, २००९ ला नारिता, २०१० ला रियाध, चारही ठिकाणी उतरतानाच अपघात झाले. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्याने नाव पकडलं.

प्रवाशांसाठी नालायक. नालायक नाही, महाग. कंपनीने सांगितला होता तेवढा पल्ला या विमानाला सुरुवातीला गाठता येईना. सिंगापूर एअरलाइन्सने १९९१ साली २० विमानांची ऑर्डर त्यावरूनच रद्द केली. मग दोन इंजिनांवर तेवढीच माणसं नेणारी विमानं आली, आणि तिसऱ्या इंजिनाचं इंधन कोण भरणार? एकूण २०० विमानं झाली आणि कारखाना थांबला. तरी केएलएमने २६ ऑक्टोबर २०१४ पर्यंत यातून तिकीट काढलेले प्रवासी नेले. सुरुवात झाली होती फिनएअरपासून, डिसेंबर १९९० मध्ये. चोवीस वर्षं 'नालायक' विमानात लोक पैसे देऊन बसत होते.

मालवाल्यांचं गणित वेगळं. प्रवासी विमान दिवसभर हवेत ठेवावं लागतं तेव्हा परवडतं. मालाचं विमान रात्री एक-दोन फेऱ्या मारतं आणि दिवसा उभं असतं. एवढ्यासाठी कोरं विमान घेऊन हप्ते भरण्यापेक्षा जुनं स्वस्तात घ्यायचं, इंधन थोडं जास्त जाळायचं. आपण नाही का, शहरात फिरायला नवी गाडी आणि सूत आणायला जुना टेम्पो ठेवत? आणि टेम्पो बंद पडून चालत नाही म्हणून त्याच्याकडेच जास्त बघावं लागतं. प्रवासी विमानाचं मालवाहू करताना खुर्च्या काढून सामान कोंबत नाहीत. डाव्या अंगाला मोठं दार कापतात, त्याभोवती सांगाडा मजबूत करतात, जमीन जाड करतात, खिडक्या बुजवतात. लुईव्हिलचं विमान आधी थाई एअरवेजकडे प्रवासी होतं, २००६ मध्ये असं बदललं. लुफ्तान्झा कार्गोची हीच एमडी-११ विमानं २०२१ पर्यंत उडत होती, मुंबईलाही यायची. आपल्या इथला टॉवेल जातो जहाजाने. पण ऑर्डरला उशीर झाला की एअरने पाठवावा लागतो आणि विमानाबरोबर नफाही उडतो, हे चादर-टॉवेलवाल्या कुणालाही विचारा. तेव्हा 'भंगार' आठवत नाही कुणाला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

पैसे घेऊन सह्या, आणि ३४ वर्षांत न उतरवलेलं इंजिन. आधी इंजिन. विमान ३४ वर्षांचं म्हणजे इंजिनही तेवढंच, असं नसतं. इंजिन ठरावीक काळाने उतरवतात, वेगळ्या शॉपला नेऊन पूर्ण खोलतात, त्या जागी दुसरं बसवतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ज्याने काम केलंय त्याला हे ऐकून जांभई येईल. एकदाही न उतरवलेलं इंजिन घेऊन विमान ३४ वर्षं उडालं असतं तर ती बातमी झाली असती, इंजिन बनवणाऱ्याच्या कौतुकाची.

आणि इंजिन 'गळून' पडलं नाही. इंजिन पंखाला थेट लावलेलं नसतं, मधे पायलॉन म्हणून एक आधार असतो. त्या पायलॉनच्या मागच्या बाजूला दोन कान आहेत, लग म्हणतात. त्यांच्या भोकात गोल बेअरिंग, आणि त्यातून बोल्ट जाऊन पंखाच्या चिमट्यात बसतो. अहवालात म्हटलंय की मागच्या कानाच्या दोन्ही बाजूंच्या कापांवर आणि पुढच्या कानाच्या आतल्या बाजूच्या कापावर फटीगचे, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन पडणारे, तडे सापडले, भोकाच्या अंगाला. पुढच्या कानाची बाहेरची बाजू मात्र एका दमात, भार न पेलून तुटली. हे वाचलं तेव्हा मी बायकोला हाक मारली, कारण हे मला ओळखीचं होतं. फटीगने तुटलेल्या शाफ्टचा काप बघा, थोडा भाग घासून गुळगुळीत झालेला आणि उरलेला खरबरीत, साखरेच्या कण्यांसारखा. गुळगुळीत भाग म्हणजे तडा किती दिवस हळूहळू चालत होता, खरबरीत म्हणजे शेवटचा क्षण. तिथेही तेच. कानांनी बरेच दिवस सोसलं, तडे वाढत गेले, मग सगळा भार शाबूत उरलेल्या बाजूवर. डावं इंजिन पायलॉनसकट सुटलं, विमान जेमतेम जमीन सोडून होतं. आतले तिघेही गेले, आणि खाली आपापल्या कामात असलेली डझनभर माणसं.

मग हे तपासलं का नाही? मेसेजवाल्याचं उत्तर तयार: लाच. अहवालाचं उत्तर आकड्यात आहे. या कानांची खास, बारकाईची तपासणी ठरलेली होती २९,२०० फेऱ्यांना. पंखाकडच्या चिमट्याची २८,००० ला. आणि विमानाच्या फेऱ्या झाल्या होत्या २१,०४३. म्हणजे कानांच्या तपासणीला आठ हजारांहून जास्त फेऱ्या बाकी होत्या. नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झालेली होती. अपघाताच्या सतरा दिवस आधी, १८ ऑक्टोबरला, याच जागच्या बेअरिंगला ग्रीस दिल्याची नोंद आहे.

म्हणजे कुणी काम चुकवल्याचं या अहवालात तरी दिसत नाही. वेळापत्रकात जे होतं ते झालं, आणि तडा वेळापत्रकाच्या आधी आला.

मला राग आला तो पुढचं वाचून. जानेवारी २०२६ मध्ये तपास मंडळाने आणखी माहिती दिली: या बेअरिंगची रेस, म्हणजे गोळ्याभोवतीची कडी, फुटल्याची चार प्रकरणं, तीन विमानांवर, आधीच माहीत होती. विमान बनवणाऱ्या कंपनीने, आता ती बोइंग, २०११ साली विमानवाल्यांना पत्र पाठवून तसं कळवलंही होतं. आणि त्याच पत्रात लिहिलं होतं की यामुळे उड्डाणाच्या सुरक्षेला धोका होणार नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक फुटलेली रेस घेऊन आलं आणि मी म्हणालो, "असू दे, चालतंय," तर तो मला पुन्हा तोंड दाखवणार नाही. रेस फुटली की बेअरिंग मोकळं फिरत नाही, मग जो भार फिरून जायचा तो भोकाच्या भिंतीवर येतो. हे मी म्हणतोय, अहवाल नाही. अंतिम अहवाल यायचाय. पण तोवर बोट कुणाकडे दाखवायचं तर ग्रीस देणाऱ्याकडे नक्कीच नाही.

माणसाच्या हाताने चूक होतच नाही असं म्हणणार नाही. मेसेजसोबत जो फोटो फिरतोय, विमान हवेत आडवं झालेलं, तो लुईव्हिलचा नाहीच. तो २५ मे १९७९ चा, शिकागोचा. तिथेही डावं इंजिन पायलॉनसकट सुटलं होतं, डीसी-१० चं, आणि २७३ माणसं गेली. विमान सात वर्षांचं. तिथे दोष देखभालीचाच निघाला. इंजिन आणि पायलॉन वेगवेगळे उतरवायचे, तर वेळ वाचवायला दोन्ही एकदम फोर्कलिफ्टवर उतरवायची पद्धत पाडली होती. एका विमानामागे सुमारे दोनशे मनुष्यतास वाचत. या उतरवण्या-बसवण्यात कुठेतरी धक्का लागला, मागच्या जोडाला तडा गेला आणि आठ आठवड्यांनी विमान गेलं. मग त्या जातीच्या सगळ्या विमानांचा परवाना महिनाभर थांबवला. लुईव्हिलनंतरही चार दिवसांत एमडी-११ जमिनीवर बसवली, मागोमाग डीसी-१० पण. लक्षात घ्या, शिकागोलाही पैसे खाऊन सही हा प्रकार नव्हता. पद्धत वरून आलेली होती.

आणि सही म्हणजे काय ते दाजींना घरातच विचारता आलं असतं. पोराने लायसन्ससाठी एकेक मॉड्यूलची परीक्षा दिली तेव्हा सोलापूरची गड्ड्याची जत्रा सलग दोन वर्षं बघितली नव्हती. त्याच्या सहीशिवाय विमान हलत नाही, आणि सहीखाली त्याचा लायसन्स नंबर असतो. उद्या काही झालं तर पहिला फोन त्यालाच येतो. एकदा तो रात्री तीन तास उशिरा सुटला, कारण टूलबॉक्स मोजताना एक सॉकेट कमी भरलं. शंभर-दीडशे रुपयांचं सॉकेट. ते सापडेपर्यंत विमान उभं. शेवटी कुणाच्या तरी खिशात निघालं. मी त्याला म्हणालो, आमच्याकडे सॉकेट हरवलं की आम्ही नवीन घेतो. तो हसला नाही.

सोलापूरची भंगार विमानं. यावर काय लिहू? आपल्या होटगी रोडच्या विमानतळावर एमडी-११ उतरवायचं तर आधी अर्धं कुमठे हलवावं लागेल. विमानांच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून आपण किती वर्षं भांडलो, २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली, त्यानंतर दोन वर्षांनी, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. ते पंख्याचं आहे, एटीआर-७२. पंखा दिसला की जुनं, असं समजणाऱ्यांसाठी सांगतो: छोट्या अंतराला पंखा कमी इंधन खातो म्हणून आहे, आजोबांच्या काळचा म्हणून नाही.

हे सगळं मी अक्काला रविवारी संध्याकाळी तिच्या घरी जाऊन सांगितलं. सोबत एक तुटलेला शाफ्ट नेला होता, कापाची बाजू दाखवायला. दाजी समोर पेपर धरून बसले होते. अक्काने शाफ्ट हातात घेऊन गुळगुळीत भागावरून बोट फिरवलं आणि एकच विचारलं, "मग ग्रीस दिलं तवा दिसलं कसं न्हाई?"

मला उत्तर येईना. भाच्याला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "मामा, ग्रीस बाहेरून देतात. तडा भोकाच्या आतून होता. आत बघायचं तर यंत्र लावावं लागतं, आणि यंत्र कितव्या फेरीला लावायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. आम्ही कागद पाळतो."

अक्का थोडा वेळ गप्प बसली. मग पेपरच्या दिशेने मान वळवून मला म्हणाली, "तो कागद लिवणाऱ्याचा नंबर काढ. अन् ह्यांना सांग, तेला करा म्हणावं फॉरवर्ड."